पाना-पक्कड : वाफसा थांबत नाही

(वाचकांच्या गाड्यांचे प्रश्न आणि त्यांना मिस्त्रींची उत्तरं. मिस्त्री परभणीत जिंतूर रोडला गॅरेज चालवतात. आता मुलगाही हाताखाली आहे. मुलाचं म्हणणं मात्र, मिस्त्रीच त्याच्या हाताखाली आहेत.)

प्रश्न : आमच्याकडं 1994 चा ट्रॅक्टर आहे. इंजिन एकदा बोर केलं, पंपाचं काम एकदा केलं, बाकी काही नाही. मुलगा म्हणतो, हे भंगार काढा आणि नवा मोठा ट्रॅक्टर घ्या, त्यात सगळं कॉम्प्युटरवर चालतं आणि डिझेलही कमी लागतं. मी म्हणतो, जुनं ते सोनं. रोज जेवताना हाच वाद. तुम्ही सांगाल ते आम्ही दोघं ऐकू.
– एक शेतकरी, मानवत

उत्तर : दोघं ऐकू म्हणता, पण पत्राखाली सही तुमची एकट्याची आहे. म्हणून दोघांनाही थोडं थोडं लागेल असंच लिहितो.

आधी तुमचं ‘जुनं ते सोनं’. भाऊ, जुन्या गाड्या बिघडत नसत्या तर माझं घर कशावर उभं राहिलं असतं? मी 1983 ला उस्तादांच्या हाताखाली लागलो. सकाळी शटर वर करायच्या आधीच चार-पाच स्कूटरवाले दारात हजर असायचे. कुणी गाडी आडवी करून बघतोय, कुणी चोक ओढतोय, कुणी देवाचं नाव घेऊन किक मारतोय. प्लग काढायचा, काळा झालेला असायचा, घासायचा. ठिणगीचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या प्लॅटिनम पॉइंटला खड्डा पडलेला असायचा, त्यावर पॉलिश पेपर फिरवायचा. पॉइंटची गॅप बघायला फिलर गेज एकट्या उस्तादांकडं. आम्ही पोरं दाढीच्या ब्लेडवर भागवायचो. ब्लेड 0.1 मिलिमीटर जाड असतं, चार ब्लेडं एकावर एक धरली की 0.4, आणि पॉइंटला साधारण तेवढंच लागतं. हे दर दोन-तीन महिन्यांनी. 40 हजार किलोमीटर झाले की इंजिन धूर काढायला लागलं, पिस्टन-बोरचा खर्च आलाच. त्या गाड्यांच्या मीटरला आकडेसुद्धा पाचच होते. 99,999 नंतर पुन्हा शून्य. गाडी त्याच्यापुढं जाईल असं बनवणाऱ्यालाही वाटत नसावं.

आज 100 सीसीची साधी मोटारसायकल वेळेवर ऑइल बदललं तर 80-90 हजार किलोमीटर इंजिनाचं झाकण न उघडता जाते. कोण किती वेळा बिघडतं एवढंच मोजायचं तर नवीन गाडी जिंकली, वादच नाही. हा गुण तुमच्या मुलाला देऊन टाका.

आता मुलाला लागेल ते. दोन वर्षांमागं मे महिन्यात येलदरीकडून वऱ्हाड घेऊन येणारी एक जुनी जीप रात्री 11 वाजता रस्त्यात बंद पडली. डिझेल संपलं होतं. ड्रायव्हरनं कॅनमधलं पाच लिटर ओतलं, तरी चालू होईना. डिझेलची गाडी एकदा कोरडी पडली की पाइपात हवा धरते. डिझेल दबत नाही, हवा दबते. मग पंप कितीही ढकलू दे, तो तेवढा हवेचा फुगाच दाबत बसतो आणि इंजिनात डिझेल फवारणारं नोझल काही उघडत नाही. ड्रायव्हर म्हणजे विशीतलं पोरगं, त्याला हे माहीत नव्हतं. त्यानं मला फोन लावला. मी घरी खाटेवर, तो तिकडं अंधारात.

म्हटलं, फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू 10-11 च्या पान्यानं दोन आटे ढिला कर. केला. आता हातपंप दाबत राहा. काय येतंय? “काका, फेस येतोय.” दाबत राहा. “अजून फेसच हाय.” दाब. मागून एक म्हातारी ओरडत होती, “आरं कामून थांबलाव, नवरी झोपंला आली.” पोरगं दाबत होतं. मग म्हणालं, “काका, आता सरळ धार आली, बुडबुडा नाही.” तसाच स्क्रू आवळ. आता एकेका नोझलचा नट ढिला कर, दुसऱ्याला सेल्फ मारायला सांग, डिझेल उडालं की आवळ. तिसऱ्या नटालाच इंजिनानं ठोका धरला. फोन चालूच होता, मला जीप सुरू झालेली खाटेवर ऐकू आली.

तीच रात्र, तोच पोरगा, पण गाडी कॉमन रेलची, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या डिझेल इंजिनाची, असती तर मी पहिलं वाक्य हे बोललो असतो : नोझलच्या पाइपाला हात लावू नको. जुनं नोझल उघडायला 200 बारच्या आसपास दाब लागतो. कॉमन रेलमध्ये डिझेल 1600 बार आणि त्याच्याही वर दाबून एका नळीत तुंबवून ठेवलेलं असतं. मोटारसायकलच्या टायरात साधारण 2 बार हवा असते, त्याच्या 800 पट. इंजिन चालू असताना तो नट ढिला केला तर धार कातडी फोडून आत शिरते. हे मी घाबरवायला सांगत नाही, पाना हातात घेऊन धावणाऱ्या हौशी माणसांसाठी सांगतो.

कॉमन रेल वाईट नाही. ती बाजारातल्या मोटारीत आली 1997 ला, इटलीच्या अल्फा रोमिओ 156 मध्ये. डिझेलचा फवारा इतका बारीक होतो की ते जवळजवळ पूर्ण जळतं. काळा धूर नाही, आवाज कमी, ताकद जास्त. डिझेल कमी लागतं हे तुमच्या मुलाचं म्हणणंही खरं. पण जुन्या पंपात डिझेल कधी सोडायचं हे लोखंडाचा कॅम ठरवतो. इथं कॉम्प्युटर ठरवतो, आणि त्याला डोळे-कान म्हणून सेन्सर लागतात. इंजिन फिरतंय हे सांगणारा क्रँकचा सेन्सर गप्प झाला की इंजिन कालच शोरूममधून आणलेलं असलं तरी चालू होत नाही. लोखंड झिजतं तेव्हा आधी कुरकुरतं, धूर काढतं, महिनाभर सांगत राहतं. सेन्सर सकाळी असतो आणि दुपारी नसतो.

मोटारीत हे चालून जातं. रानात काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको, पण शहरातलेही हे सदर वाचतात म्हणून सांगतो. पाऊस उघडल्यावर काळ्या रानात चिखल पायाला चिकटत नाही, पण ओल अजून आहे, असा जो मधला काळ असतो तो वाफसा. कधी दोन दिवस मिळतो, कधी एक सकाळ. सोयाबीन त्यात पेरून झालं तर झालं, वरून पुन्हा पाऊस लागला की आठ दिवस रानात पाय घालता येत नाही. सेन्सर गुरुवारी येतो म्हणून वाफसा गुरुवारपर्यंत थांबत नाही. त्यामुळं ट्रॅक्टर बघायला आलेल्या माणसाला मी ‘किती वेळा बिघडतो’ हे विचारतच नाही. बिघडला तर वाफसा मोडायच्या आत उठतो का, एवढंच विचारतो.

तुमचा 94 चा उठतो. तो उठवणारे मानवतमध्येच दहा जण सापडतील. मग असं करा. पंप आणि नोझल एकदा पंपवाल्याकडं टेस्ट बेंचवर लावून घ्या. लिफ्टवर नांगर उचलून इंजिन बंद करा आणि चहा पिऊन या. आल्यावर नांगर जमिनीला टेकलेला असेल तर लिफ्टचं काम निघालं. क्लच आणि ब्रेकचं बघा. एवढं केलं तर तो अजून दहा वर्षं ओढतो.

नवा घ्यायचाच झाला तर मुलाला एक गोष्ट सांगा. 1 जानेवारी 2023 पासून 50 एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरला धुराचा नवा नियम लागला, म्हणून त्यांच्यात कॉमन रेल आली. त्याखालचे बहुतेक ट्रॅक्टर नवे असूनही साध्या पंपाचे मिळतात. तुमची जमीन किती ते तुम्ही लिहिलं नाही. 12-15 एकर असेल तर 50 च्या वर जायचं कारण मला दिसत नाही, शेजाऱ्याला दाखवायचं असेल तर गोष्ट वेगळी. आणि जास्त रान असेल, मोठाच लागत असेल, तर एचपी आणि रंगाच्या आधी हे विचारा की गाडीच्या कॉम्प्युटरमधला दोष वाचणारा स्कॅनर घेऊन येणारा माणूस कोणत्या गावात बसतो आणि जूनमध्ये फोन उचलतो का. शिवाय कॅनमधलं डिझेल गाळल्याशिवाय त्याच्या टाकीत घालू नका. जुना पंप थोडं पाणी, थोडा कचरा सोसून घेतो. कॉमन रेल एक दिवसही सोसत नाही.

प्रश्न : माझी स्कूटर तीन वर्षांची, बीएस-6. शाळेला जाताना चालता चालता बंद पडते आणि दोन मिनिटांनी आपोआप चालू होते. पिवळी लाईट कधी लागते, कधी नाही. एका ठिकाणी सेन्सर बदलला, फरक नाही. दुसरे म्हणतात पूर्ण ईसीएम, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, बदलावा लागेल. माझ्या वडिलांची लुना 15 वर्षं कसलाही सेन्सर नसताना चालली. आताच्या गाड्या कंपन्या मुद्दाम अशा बनवतात का?
– एक शिक्षिका, गंगाखेड

उत्तर : मॅडम, ईसीएम बदलू नका. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी.

मुद्दाम बनवतात का, याचं उत्तर सोपं आहे. 1 एप्रिल 2020 पासून धुराचा बीएस-6 नियम लागू झाला आणि एवढा स्वच्छ धूर कार्बोरेटरला जमेना. कार्बोरेटर म्हणजे शेवटी एक ठरलेलं भोक. महाबळेश्वरच्या थंडीत जेटचं भोक तेवढंच आणि परभणीच्या 44 डिग्रीत तेवढंच. इंजेक्शनची गाडी दर फेऱ्याला हवा बघून पेट्रोल सोडते. लुनाबद्दल मला आदर आहे. पेट्रोल संपलं की पॅडल मारत घरी आणता येणारी गाडी पुन्हा झाली नाही. पण वडिलांना विचारा, वर्षातून किती वेळा प्लग काढून घासला. ते ‘काही नाही’मध्ये धरलेलं असतं.

आता आजार. बंद पडते आणि आपोआप चालू होते, हे वाक्य तुम्ही लिहिलंत, त्यात निम्मं निदान झालं. जळालेला कॉम्प्युटर आपोआप बरा होत नाही. हात सुटतो आणि पुन्हा धरतो तो कुठल्या तरी जोडाचा. बॅटरीचं टर्मिनल, अर्थची वायर, कनेक्टरची पिन, किंवा आतून तुटलेली तार. वॉशिंग सेंटरवर सीटखाली प्रेशरनं पाणी मारून घेता का? तेही एक कारण असतं.

मागच्या पावसाळ्यात अशीच एक मोटारसायकल आमच्याकडं आली. मुलानं स्कॅनर लावला. स्कॅनरनं थ्रॉटलच्या सेन्सरचा कोड दाखवला. सेन्सर बदलला, गाडी दोन दिवस नीट चालली, तिसऱ्या दिवशी परत. मी गिऱ्हाईकाला विचारलं, बंद कुठं पडते? म्हणाला, बहुतेक वसमत फाट्याला. आणि कुठं? घरच्या गल्लीत शिरताना. दोन्ही ठिकाणी तो डावीकडं वळत होता. गाडी स्टँडवर लावून चालू केली आणि हँडल सावकाश डावीकडं नेलं. शेवटच्या दोन बोटं अंतरात इंजिन मेलं. हँडलच्या मानेपाशी वायरिंगचा जो जुडगा वळतो, त्यातली एक वायर वरून धडधाकट आणि आत तांब्याचा तुकडा पडलेला. हँडल वळलं की तार ताणली जायची आणि टोकं सुटायची. दोन इंच वायर, थोडं कथील, वरून नळी. स्कॅनर खोटं बोलला नव्हता. कोड सांगतो दुखतं कुठल्या बाजूला. काटा नेमका कुठं रुतलाय ते बोटानंच चाचपावं लागतं.

हे वाचून मिस्त्री स्कॅनरच्या विरोधात आहेत असं समजू नका. त्याच महिन्यात एक पिकअप आली, सेल्फ फिरतो पण चालू होत नाही. मी म्हटलं, हवा धरलीय. फिल्टर काढला, हातपंप दाबून दाबून अंगठा सुजला, संध्याकाळ झाली. मुलगा म्हणाला, “अण्णा, सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बघितलात का?” काटा जागचा हलत नव्हता. क्रँक फिरतोय हे कॉम्प्युटरला कळतच नव्हतं, तो डिझेल कशाला सोडेल? ती गाडी सोयाबीनच्या थप्पीशेजारी उभी असायची. उंदरांनी सेन्सरची वायर चावली होती. काटा दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी दहा वर्षांपूर्वीच्या गाडीचा आजार शोधत होतो. त्या दिवसाचा चहा मी पाजला.

तुम्ही हे करून घ्या. बॅटरीला मीटर लावायला सांगा. रात्रभर उभ्या गाडीला 12.6 व्होल्टच्या आसपास पाहिजेत, सेल्फ मारताना 10 च्या खाली जाऊ नयेत, चालू असताना 14 च्या आसपास. मग गाडी चालू ठेवून हँडल दोन्हीकडं वळवा, कनेक्टर एकेक करून बोटानं हलवा. ज्याला हात लागल्यावर इंजिन अडखळेल तिथं थांबा. ही मेहनत घेणारा मेकॅनिक शोधा. पार्ट बदलणारे पुष्कळ आहेत, कारण बदललेल्या पार्टचं बिल करता येतं, हलवलेल्या वायरचं करता येत नाही.

प्रश्न : 32 वर्षं एसटी चालवली. जुनी गाडी हाताला, पायाला, बुडाला सगळं सांगायची. बेअरिंग गेलं की कळायचं, ब्रेक लायनिंग संपलं की कळायचं. आताची गाडी ड्रायव्हरशी बोलत नाही, नुसती लाईट लावते. जुन्या गाडीनं ड्रायव्हर घडवले. हे तुम्ही एकदा छापाच.
– एक निवृत्त चालक, अंबाजोगाई

उत्तर : छापलं, बाप्पा. पण आता माझंही ऐका.

1989 ला माझी स्वतःची जुनी जीप होती. त्या जीपला चारी चाकांच्या ब्रेकची लाईन एकच. मांजरसुंब्याचा घाट उतरताना मागच्या चाकाचा पाइप फुटला. एका चाकाचा फुटला आणि चारी चाकांचा ब्रेक गेला. पॅडल सरळ फळीला. तुम्ही म्हणता गाडी आधी सांगते. सांगितलं असेल, मला ऐकू आलं नाही. पाच माणसं बसली होती. गियर खाली टाकले, हँडब्रेक ओढला, आणि जीप डोंगराच्या बाजूला घासत थांबवली. माझ्या हनुवटीवरची खूण तीच. आज मोटारीला ब्रेकच्या दोन लाईन असतात, एक फुटली तरी अर्धा ब्रेक उरतो. 125 सीसीच्या वरच्या दुचाकीला 2019 च्या एप्रिलपासून एबीएस सक्तीचं आहे. खडीवर चाक जॅम होऊन पोरं घसरायची, ते त्यानं कमी होतं. त्यात सेन्सर आहे, वायर आहे, कॉम्प्युटर आहे, आणि मला त्यातलं काहीही काढायचं नाही. बंद पडणाऱ्या गाडीवर मी वैतागतो. न थांबणाऱ्या गाडीची मला भीती वाटते.

ड्रायव्हर घडायचे हे खरं. पण घडवताना मोडायचेही. उस्तादांच्या उजव्या हाताचा अंगठा वाकडा होता. पुढून लोखंडी हँडल मारून इंजिन चालू करायच्या दिवसातला. हँडल धरताना अंगठा चार बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, मुठीसारखा गुंडाळायचा नाही, कारण इंजिनानं उलटा झटका दिला तर बोटं निसटतात आणि गुंडाळलेला अंगठा मोडतो. हे ते तोंडानं सांगायचेच नाहीत, नुसता अंगठा पुढं करायचे. 1912 मध्ये अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी केलेला विजेचा सेल्फ कॅडिलॅक मोटारीला बसला. तेव्हाही एखादा जुना ड्रायव्हर म्हणाला असेलच की बॅटरी उतरल्यावर काय करणार. त्याचा प्रश्न बरोबरच होता, आपण तो अजून विचारतो. पण हँडल परत लावा असं तुम्हीही म्हणणार नाही.

प्रश्न : कॉलेजला जायला इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची आहे. रोज 30 किलोमीटर. वडील म्हणतात, जिला किक नाही ती गाडी घ्यायची नाही. काय करू?
– एक विद्यार्थी, औसा

उत्तर : बाळा, आधी वडिलांना हे वाचून दाखव. ताशी 100 किलोमीटरच्या वर गेलेली जगातली पहिली मोटार विजेवर चालणारी होती. साल 1899, चालवणारे बेल्जियमचे कामिय झेनात्सी. म्हणजे ही कालची फॅशन नाही.

यंत्र म्हणून बघितलं तर ही गाडी माझ्या उस्तादांच्या कुठल्याही गाडीपेक्षा साधी आहे. प्लग नाही, क्लच नाही, पिस्टन नाही, मोटरीत फिरणारा भाग एकच. मला आतून बघायला फार आवडली असती. पण अडचण तिथंच आहे. बॅटरी सीलबंद, कंट्रोलर सीलबंद, आणि आतला कोड फक्त शोरूमच्या लॅपटॉपला कळतो. साधी असूनही मी ती उघडू शकत नाही, म्हणून माझ्यासारख्याचं या बाबतीतलं मत थोडं मत्सराचं धर.

30 किलोमीटरला ती अगदी योग्य आहे, फक्त लातूरमध्ये तिचं सर्व्हिस सेंटर चालू आहे का हे स्वतः जाऊन बघ. बोर्ड बघून येऊ नको, आत किती गाड्या पार्टसाठी पडून आहेत त्या मोज. बॅटरीची सुरक्षा एआयएस-156 च्या सुधारित नियमाप्रमाणं आहे ना हे कागदावर लिहून घे. आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेत दुपारी उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावायची नाही. सावलीत उभी कर, जेवण कर, मग लाव. उष्णतेनं बॅटरीचं आयुष्य घटतं, ते तुझ्या किस्तीपेक्षा आधी संपू नये. वडिलांना किकच हवी असेल तर त्यांची गाडी त्यांच्याकडंच राहू दे.

प्रश्न : माझी 1980 च्या दशकातली राजदूत अजून चालू आहे. इथेनॉलच्या पेट्रोलनं ती खराब होईल का? महिन्यातून एकदाच काढतो.
– एक वाचक, जालना

उत्तर : महिन्यातून एकदाच, हेच जास्त वाईट. 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं आणि उभ्या गाडीत ते तळाशी बसतं. जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही, तेव्हा पेट्रोलचा पाइप, कॉकची वॉशर आणि फ्लोटच्या नीडलचं रबर बदलून टाका. गाडी ठेवायच्या आधी कॉक बंद करा आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद होऊ द्या. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून अॅव्हरेज हिशेबानं सहा-सात टक्के घटेल. त्याबद्दल कार्बोरेटरला दोष देऊन स्क्रू फिरवत बसू नका. पेट्रोलमध्ये ऑइल मात्र पूर्वीसारखंच मोजून टाका.

प्रश्न : नातू 12 वर्षांचा आहे. दिवसभर मोबाइल. पण घड्याळ, पंखा, जे दिसेल ते उघडून बघायची खोड आहे. परत जोडता येत नाही म्हणून घरात शिव्या खातो. त्याला काय शिकवावं?
– एक आजोबा, वसमत

उत्तर : शिव्या बंद करा आणि त्याच्यासमोर त्याच्या सायकलचं मागचं चाक ठेवा. खाली जुनी पांढरी चादर अंथरा, काळी नको. नट, वॉशर, छऱ्यांना दाबून धरणारा कोन ज्या क्रमानं निघेल त्या क्रमानं डावीकडून उजवीकडं मांडायला लावा. आत एका बाजूला नऊ आणि दुसऱ्या बाजूला नऊ छर्रे असतात, पाव इंची. रॉकेल मिळत नाही, तेव्हा डिझेलमध्ये धुऊ द्या. ग्रीस बोटानं भरू द्या आणि छर्रे ग्रीसमध्ये एकेक चिकटवू द्या. कोन आवळताना चाक हलायचंही नाही आणि जड फिरायचंही नाही. ती जागा पाव आट्याची असते. पहिल्या दिवशी त्याला सापडणार नाही, सापडली तर मला कळवा, मी त्याला उद्यापासून गॅरेजवर बोलावतो.

एक छर्रा हरवणारच. तो कपाटाखाली जातो. नवा आणून देऊ नका, शोधू द्या.